स्वल्पविराम

बारी स्टेशनच्या मागे माझं दुकान :
चार्जर, काचा, परदेशी बोलायची कार्डं.
गुरुवारी दुपारी जॉर्जियन बायका येतात
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना झोपवून.

त्सियालाचे डोळे अधू झालेत,
कार्डावरचे आकडे मुंग्यांसारखे पळतात म्हणते.
म्हणून तिच्या फोनात मी सगळं एकाच नावाखाली ओवलं :
आधी कंपनीचा नंबर, स्वल्पविराम,
भाषेसाठी दोन, स्वल्पविराम, आणखी एक स्वल्पविराम,
कारण कार्डातली बाई फार सावकाश बोलते,
मग पिन, मग झेस्ताफोनीचं घर.
एक बटण दाबलं की बहीण.

"इतकं सोपं नको," ती म्हणाली.
दोघींच्या मध्ये अक्रोडाचं झाड आहे,
न विचारता विकलेलं.
सहा वर्षं झाली.

मग त्या घराच्या अलीकडे
मी स्वल्पविराम खोडून 'थांबा' घातला.
स्वल्पविराम दोन सेकंदांत आपणहून सरतो.
थांबा सरत नाही, विचारतो :
पुढचे आकडे पाठवू?

दर गुरुवारी ती काउंटरला टेकून लावते,
बाईचं सगळं ऐकून घेते,
शिल्लक एकेचाळीस मिनिटं,
आणि त्या प्रश्नाशी येऊन उभी राहते,
अंगठा काचेपासून बोटभर दूर.
मग बंद करते. चार्जरचा भाव विचारते. घेत नाही.

आज फोनमधून बाहेरपर्यंत ऐकू आलं :
शिल्लक एकोणचाळीस.

मी मान वर केली नाही.
कुणा पोराच्या फोनची काच
नीट बसत नव्हती.