अर्धा ग

देवगडच्या बंदरात होड्यांची नावं मी रंगवतो.
सतरा वर्षं झाली. गणपतीकृपा, मरियम, तीन जयभवान्या,
एक अल-मदिना, जिच्या 'अ'वर मी आपणहून चंद्रकोर काढली
आणि तिचे पैसे मागितले नाहीत.

बावतीस फर्नांडिस बारा वर्षं बोटीवर राहून आला,
जुनी फायबरची होडी घेतली आणि म्हणाला,
सगुण, हिच्यावर लिही : एनिग्मा.

कोण देवी ही?
देवी नाय. इंग्लिश शब्द.
अर्थ?
जां कळना नाय तां.

शेजारी जाळं शिवत बसलेला गंगाराम तांडेल म्हणाला,
मगे सरळ हुमान म्हण. माझ्या आवशीन घातलेलां एक सांगतंय :
हजार डोळे पण दिसना नाय,
पोट भरलां तरी जिरना नाय.
आणि आम्ही ओळखायच्या आतच
मांडीवरचं जाळं उचलून दाखवलं.

हुमानाक उत्तर असता, काका, बावतीस म्हणाला.
घालणाऱ्याक तां आदीच म्हायत असता.
हेचां उत्तर कोणाकच म्हायत नाय.

माझी पंचाईत शब्दाची नव्हती, अक्षराची होती.
ग्म असा जोड मी कधी रंगवला नव्हता.
दांडा गमावलेला ग
म च्या खांद्याला टेकून उभा.
निळ्या एनॅमलमध्ये तीनदा पुसला, चौथ्यांदा जमला.

आठ दिवसांत शब्द बंदरावर रुळला.
त्याला लिंगही मिळालं : तो एनिग्मो.
काल बांगडा तीस रुपये किलो, आज दोनशे : एनिग्मो.
बर्फाच्या फॅक्टरीचं बिल : एनिग्मो.
रझाक सोलकरचं इंजिन,
मेकॅनिक दिसला की मुकाट चालू होणारं :
एनिग्म्याचो बापूस.

शेवटी ढोबळे बाईंना राहवेना.
हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. सुंगटांचा वाटा घेता घेता म्हणाल्या,
बिलाचा तो घोटाळा. बांगड्याचा तो बाजार.
इंजिनाचा तो बिघाड.
दोरी सुटत नाही तो पेच,
आणि रात्री त्याच माडाखाली तिसऱ्यांदा आलात तर चकवा.
एनिग्मा समोर असतं. रोज दिसतं.
कोणी काही लपवलेलं नसतं. आणि तरीसुद्धा
तेवढ्यात कोळणीने सुटे मागितले.
वाक्य तिथेच राहिलं.

ढोबळे बाई लातूरकडच्या.
एकोणीस वर्षांत बदलीचा अर्ज नाही,
पत्रही कुणाचं नाही, पोस्टमन सांगतो.
रोज साडेपाचला जेटीच्या टोकाला जातात
आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या राहतात.
सूर्य मागे बुडतो. त्या गावाकडे बघतात :
पाण्याची टाकी, मशिदीचा मनोरा, कलमांच्या बागा, एसटी स्टँड.
अंधारलं की घरी.

बिलाला लावला, बांगड्याला लावला,
बाईंना तो शब्द कोणी लावला नाही.
मीसुद्धा नाही.

मार्चात खाऱ्या वाऱ्याने रंग खाल्ला.
आधी गेला तो अर्धा ग, नेमका तेवढाच.
होडी बंदरात शिरली ती एनिमा होऊन.
या शब्दाचा अर्थ मात्र
कोणाला समजवावा लागला नाही.
गंगाराम जाळ्यासकट लोळला.

तो गलका ऐकून टोकावरच्या बाई वळल्या.
पहिल्यांदाच पाण्याकडे तोंड.
नाव वाचलं, पदर तोंडाला लावून हसल्या,
हसता हसता खाली बसल्या.
पुढे किती वेळ ते हसणंच होतं,
लांबून मला सांगता आलं नाही.

मी गुडघाभर पाण्यात उभा राहून ग भरला.
किती दिवस टिकेल, सगुण? वरून बाईंनी विचारलं.
पावसापर्यंत, म्हटलं.
पुरे, म्हणाल्या,
आणि परत गावाकडे वळल्या.

मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.
बावतीस खिशात हात घालून आला.
अर्ध्या अक्षराचे किती?

मला पटकन सांगता येईना.