पसंतीक्रम

बिटको चौकाजवळ माझं दुकान, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म.
दोन खुर्च्या. एक माझी,
एक ज्याला जास्त घाई असेल त्याची.
अकरा वर्षं लोकांच्या मुलांची नावं टाइप करतेय.
आईचं नाव विचारलं की बाप अडखळतात,
एकाने तर विचारलं, माहेरचं सांगू की सासरचं?

आज शटर अर्धं ओढून घेतलंय.
एका बिघडलेल्या प्रिंटच्या पाठीवर लिहिते:
एक. दोन. तीन.

एक, साताऱ्याची सैनिक शाळा.
भाऊजी म्हणाले, पोरगी गणवेशात आली ना सुट्टीला,
तर सिन्नर फाट्यापर्यंत माना वळतील.
तेजल तोफांना भीत नाही, हे खरं.
देवळालीकडे सराव सुरू झाला की मांडणीतली ताटं वाजतात
आणि ती गृहपाठातून मान न काढता सांगते,
सतरा झाल्या.
पण तोफ लांब असते. पहाटे पाचची शिटी
उशाशी असते.

दोन, नवोदय. दिंडोरीकडे, एसटीने जाऊन येण्यासारखं.
जेवण, पुस्तकं, पांघरूण, सगळं सरकारचं.
जागा ऐंशी.
आणि या महिन्यात मी एकटीने दोनशे बारा फॉर्म भरलेत.
कुणाचा दाखला वाकडा स्कॅन झाला, मी सरळ केला.
कुणाची जन्मतारीख चुकली होती, मी धरली.
माझ्या लेकीच्या पुढची रांग
मीच लावली, फॉर्ममागे पन्नास रुपये घेऊन.

तीन, पाचगणी.
माहितीपुस्तकात घोडा आहे, घोड्याशेजारी
आमच्या कुणासारखी न दिसणारी एक मुलगी.
वर्षाच्या फीला दोन रुपयांनी भागलं.
एवढ्या झेरॉक्स काढायच्या तर या मशीनला
माझ्याहून जास्त जगावं लागेल.
शिष्यवृत्तीची परीक्षा असते म्हणे. चार मुलींसाठी.
तरी तीनचा आकडा खोडला नाही,
त्याच्याभोवती नुसतं गोल केलं.

हे प्रेसच्या कँटीनमध्ये असतात.
भिंतीपलीकडे देशाच्या नोटा छापतात, अलीकडे हे
कणीक मळतात, आणि जाताना गेटवर खिसे दाखवतात.
यादी वाचून त्यांनी एवढंच विचारलं,
शेवटच्या पंगतीला चपाती गरम मिळते का?
असं कुठल्याच माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं.

तेजलला विचारलं, तुला कुठं जायचंय?
ती बराच वेळ माझं स्टेपलर उघडझाप करत राहिली.
मग म्हणाली, तिथं रात्री लाइट कोण बंद करतं?
बेल होते, मी म्हणाले. सगळ्यांचे एकदम बंद होतात.
म्हणजे माझं पान अर्धं असलं तरी?
मी म्हणाले, हो.
ती म्हणाली, मग मी पान ठरवून वाचीन.
आणि दुकानाबाहेर जाऊन मांजराला बिस्किट घालायला लागली,
जसं काही झालंच नाही.

फोटो पन्नास केबीच्या आत हवा.
हे काम मी डोळे मिटून करते. दिवसाला तीस चेहरे
लहान करते, कधी कुणाकडे नीट पाहिलेलं नाही.
आज कापताना एक वेणी चौकटीबाहेर राहिली.
पुन्हा कापला. कान गेला.
पुन्हा.
एकेचाळीस केबीला तिचे डोळे
दोन ठिपके झाले, आणि साइटने लगेच स्वीकारले.

दोन अर्ज गेले. पावत्या छापून फाइलमध्ये लावल्या.
तिसऱ्याचं अजून काही ठरत नाही, त्याला
सोमवारपर्यंत मुदत आहे.
सवयीने गल्ला उघडला, माझ्याच पर्समधून
शंभराची नोट काढून आत टाकली.
वहीत लिहिलं: दोन फॉर्म.
नावाच्या रकान्यात पेन टेकवलं,
आडनाव आधी लिहिलं,

आणि बाहेर तिला हाक मारली, चल, उशीर झाला,
दुकानाचा लाइट तू बंद कर.