बारावी फ्रेम

वडगावात, मागांच्या गल्लीत, माडीवर माझं टेबल.
खाली रात्रपाळीचा माग खटाखट चालतो,
त्याच्या ठेक्यानं माऊस आपोआप
पॅडवरून सरकत जातो.

मालन गुंजीकर आणि शिवानंद हणमन्नवर.
हॉलच्या पडद्यासाठी दहा सेकंदांची नावं.
तिचा मामा: मराठी पयलं दिसूदे की.
त्याच्या काकांचा फोन: कन्नड मोठं पाहिजे, ओ.

म्हणून पहिल्या कीफ्रेमला देवनागरी ‘म’,
चोविसाव्या फ्रेमला कन्नड.
मधलं सॉफ्टवेअरवर सोडलं.

शिरोरेघ आधी सैल झाली,
मग वाकून कडेला गोळा झाली.
उभा दांडा पोटात शिरला.
बाराव्या फ्रेमवर थांबवलं मी:
ओल्या सुताच्या गुंडीसारखं काहीतरी,
कुठल्याच पाटीवर नसलेलं.
मोठं करून बघत बसले.

तेवढ्यात लाईट गेली. मागही गप्प.
अंधारात पहिल्यांदाच ऐकू आलं
शेजारच्या माडीवर कुणीतरी खोकतंय.

लग्नात सगळे पडद्याकडे पाठ करून जेवले.
एक वाढपी तेवढा थांबला, हातात साराची बादली.
“काय लिवलंय हे?” म्हणाला,
आणि पुढच्या पानाकडे वळला.