रकाना नाही

एकविसाव्या दिवशी कोंबडी
अकरा पिल्लं घेऊन उकिरड्याकडं निघून गेली.
डालग्यात मागं राहिलं एक अंडं,
टोचा मारून थांबलेलं.
कानाला लावलं तर आत कुणीतरी
दम खात बसल्यासारखं.

सासू म्हणली, सोलू नको,
ज्याचं त्यानंच निघावं लागतं.
नाही सोललं. कोमट ओलं फडकं भोवती ठेवलं
आणि भाकरी थापता थापता
दहादा उठले.

दुपारी तीनला निघालं.
भुईमुगाच्या शेंगेएवढं, ओलं.
पाय फाकलेले, भांडून निघाल्यासारखे,
एक लातूरला, एक नांदेडला.
आईपुढं ठेवलं तर तिनं टोचलं.
दोनदा.
तिसऱ्यांदा मी हात मधी घातला.

गावची आशाताई मी, आठ वर्षं झाली.
कमी वजनाची लेकरं मोजते.
झोळीच्या काट्यात ह्यालाबी टाकून पाहिलं, हसू नका.
काटा शून्यावरून हलला नाही.
असं वजन लिहायला माझ्याकडं रकाना नाही.

बॅगेतली चिकटपट्टी बारीक कापून
दोन्ही पाय जवळ बांधले,
ढिलेच, चालता यावं इतके.
ड्रॉपर उकळून घेतला, गूळपाणी केलं,
चोचीच्या कडेला एक थेंब.
आत ओतायचं नाही. कडेला.
लाइट गेलेली.
नवऱ्याच्या रिकाम्या क्वार्टरमधी ऊन पाणी भरलं,
वरून लेकाचा मोजा.
त्या बाटलीनं ह्या घराला ऊब दिली
ती एवढीच.

पाणी थंड झालं की मग
बायांना शिकवते तेच:
पोलक्यात, छातीशी, कातडीला कातडी.
दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात मीटिंग.
डॉक्टर तक्ता वाचायलेत
आणि माझ्या छातीतून चिवचिव.
मोमीनबाई म्हणली, मोबाइल बंद कर की गं कालिंदा.
म्हणलं, बंद नाही होत हा.
होऊ बी नये.

रजिस्टरात अशी तेरा नावं आहेत.
बारा जणं आता भिंत धरून चालतात,
एक तर मला शिव्या देते.
तांड्यावरच्या जयवंताबाईची लेक, चौदाशे ग्रॅम,
गाडी शिरूर ताजबंदच्या पुढं गेली होती तेव्हा...
त्या ओळीपुढं मी काही लिहिलं नाही.
पेन टेकवल्याचा ठिपका आहे फक्त.

चौथ्या रात्री पट्टी काढली.
अंधारात कोंबडीला मोजता येत नाही,
हे सासूनंच सांगितलं,
ज्याचं त्यानंच म्हणणारीनं.
कंदील बाहेर ठेवून
पंखाखाली सरकवलं हळूच.
कोंबडी घशात काहीतरी पुटपुटली.
बसून राहिली.

पहाटे डालगं उचलायला गेले
आणि वाकून नुसतीच ऐकत राहिले.
अकरा का बारा, कानाला कळत नाही.
पोलक्यात मात्र अजून
काहीतरी हलायल्यासारखं.

मागून सासू म्हणली,
मोज आता.