उसनं ऊन

आमचं घर उत्तरेकडे तोंड करून बसलेलं,
रुसलेल्या पाहुण्यासारखं.
ऊन इथे सरळ येत नाही.
समोरच्या ए विंगमध्ये, पाचव्या मजल्यावर,
शेंडकरबाईंच्या खिडकीची काच ते आधी घेते
आणि आठ वाजून दहा मिनिटांनी
आमच्याकडे धाडते,
वाटीतून विरजण धाडावं तसं.

डिसेंबर ते संक्रांत, एवढंच.
मग सूर्य सरकतो
आणि वाटी दुसऱ्याच कुणाच्या दारात जाते.

बाहेर तळजाई अजून धुक्यात, पारा नऊवर,
दूधवाला मफलरमधून बोलतो.
आत कुकरची तिसरी शिट्टी,
काचेला आतून घाम.
जुन्या बाजारातून आणलेला कॅमेरा
पिठाच्या डब्यावर टेकवून
मी लोकरी मोज्यांत उभी.
रोलमध्ये छत्तीस. रोज एक. फक्त एक.

आधी मिसळणाच्या डब्याची कड.
मग हळद पेटते.
मग भिंतीवरच्या तेलकट डागाकडे
आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट बघतं.
मग यशोधन विचारतो, "माझा दुसरा मोजा?"
मी मान वळवते,
तेवढ्यात गेलेलं असतं.
(चौदा नंबरच्या फोटोत नुसता मोजा असणार.)

एकदा बाईंनी टॉवेल वाळत घालायला
खिडकी उघडली
तर ऊन टुणकन फ्रिजवर, तिथून छतावर,
तिथून पंख्याच्या पात्यावरच्या धुळीत.
मी कॅमेरा घेऊन मागे मागे,
दुधाला तोंड लावलेल्या मांजरामागे धावावं तशी.
तो फोटो नक्की हललाय.
मला तोच बघायचाय.

काल भोगीच्या भाजीला मटार निवडताना
त्याच शेजारी. म्हणाल्या,
"बी विंगमधल्या ना तुम्ही?
सकाळी तुमच्या खिडकीत काहीतरी चमकतं हो.
मी देवापाशी बसले की बरोबर डोळ्यांवर.
तेवढा पडदा लावत जा."

मी बरं म्हटलं.
अर्धा किलो घ्यायचे होते, किलोभर घेतले.

आज भोगी. भाकरीवर तीळ तडतडतायत.
आठ वाजून नऊ.
रोलमध्ये शेवटचं एक.
पडदा बाजूलाच आहे.
काचेवरचा घाम मी बाहीने पुसते,
आणि पाचव्या मजल्यावर कुणीतरी
कपाळाशी हात आडवा धरून
इकडेच बघतंय.