उघडी मूठ

कोंदोम्बो मास्तरांनी सायकलला बांधून आणली
शाळेची घंटा. तडा गेलेली.
हीच वितळवा, हीच ओता, म्हणाले,
कुदुगूच्या बाजारात पितळेचा भाव विचारून आलोय.

म्हणजे आधी तिचा ठसा घ्यायचा,
मग तिलाच घणाने फोडायचं,
मुशीत घालायचं,
आणि तिच्याच पोकळीत तिला ओतायचं.
चुकलं तर
ना जुनी, ना नवी.

साल्फोने आबिजानहून रबराचा डबा आणलाय.
मामी, रबर लाव, म्हणतो, केससुद्धा उतरेल त्यात.
उतरेल. पण रबराला पितळ सोसत नाही.
त्यात मेण भरा, मेणावर माती चढवा,
मेण जाळून टाका;
शेवटी मातीच्याच दारात यायचं
तर वाटेत दोन घरी पाहुणचार कशाला?
शिवाय त्या वासाने माझं डोकं चढतं.

मेणाचं काम तासेरेचं होतं.
मगरी, घोडेस्वार, पाठीवर पोर बांधलेल्या बाया
त्याच्या बोटांतून निघायच्या.
माती मळायची मी. मी कुंभाराची.
गाढवाचं शेण किती, बाजरीचा कोंडा किती
हे त्याने कधी मोजलं नाही, मला हाक मारली.
मगर बाहेर येई तेव्हा साचा फुटलेला असे,
मी खापऱ्या गोळा करून कोंबड्यांच्या खुराड्याला लावत असे.
तो गेल्यावर मेणाला मी हात लावलेला नाही.
कारण विचारू नका.

मी वाळू निवडली.
धरणाच्या काठची, दोनदा चाळलेली,
तिच्यात वारुळाची माती, डिंकाचं पाणी.
मुठीत दाबायची आणि मोडायची:
भुगा झाला तर माती कमी,
बोटांना चिकटली तर पाणी जास्त,
दोन तुकडे, कडा तुटक्या भाकरीसारख्या नाही,
तुटक्या मडक्यासारख्या, तर ठीक.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल दुसऱ्या धंद्यात.
इथे ती उघडून दाखवावी लागते.

घंटा हलकेच उचलली
तर पोकळीत सगळं उतरलेलं:
तड्याची बारीक भिंत,
आणि खाली गोल फिरणारी अक्षरं, उलटी.
साच्याला दोष कुठला, नक्षी कुठली, कळत नाही.
तडा मी कोंबडीच्या पिसाने झाडला.
अक्षरं साल्फोने वाचली, मान वाकडी करून:
फ्रान्समधल्या कुठल्याशा कारखान्याचं नाव, आणि साल.
ठेवायचं का?
मास्तर नव्हते विचारायला.
मी अंगठा ओला केला
आणि बारीक वाळूने एकेक अक्षर बुजवत गेले.

चार दिवस हरमाटान वाऱ्यात वाळवला साचा.
गाभा वेगळा, कोळशावर.
साल्फो म्हणाला, झाला.
मी गाल टेकवला. गाल गार पडला.
ओल राहिली तर वाफ पितळ परत तोंडावर फेकते,
तासेरेची डावी भुवई तशीच गेली होती.
आणखी दोन दिवस.

मग घण साल्फोच्या हातात दिला
आणि मी भात्याकडे तोंड करून बसले.
सात घाव. शेवटचे दोन वाजले नाहीत, नुसते आपटले.

ओतताना बोललं कोणीच नाही.
सायकलच्या तारेने पाडलेल्या भोकांतून
निळ्या ज्योती आल्या, एकेक करून,
तेव्हा मी श्वास सोडला.

सकाळी वाळू फोडली.
घंटा काळी, खरबरीत, अखंड.
नाव गेलेलं.
फक्त सालातला एक तीनचा आकडा राहिला होता, ठळक,
अंगठा तिथे पोचलाच नसावा.
कानस घेतली, परत ठेवली.

मास्तरांनी दोरीला बांधलेला नट मारून पाहिला.
जरा बसका आहे आवाज, म्हणाले.
महिनाभरात मोकळा होईल, मी म्हटलं.
असं होतं का
मला ठाऊक नाही.