पाच मिनिटं

फादर झेफेरिनो दोन दिवस आधीच खाली गेले, समारंभाला.
“आगापितो, बारा वाजता घंटा वाजव,” म्हणाले.
घंटा म्हणजे ट्रकची रिम.
खरी घंटा नव्व्याण्णव साली
जळत्या छपराबरोबर खाली आली, उभी चिरली.
ही आम्ही त्यांच्याच मोडक्या ट्रकची काढली,
निलगिरीला टांगली,
आणि फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं,
जरा संकोचानंच.

झेंडा बायकांनी शिवला.
काळं कापड छत्रीचं,
लाल, मिस्साच्या पोरांच्या जुन्या झग्याचं.
पिवळ्यासाठी फार शोधाशोध झाली,
शेवटी सुईणीनं खिडकीचा पडदा उतरवला.
पांढरा तारा ओलांदिनानं दिला.
कशाचा, कुणी विचारलं नाही.
मार्तिन्योच्या बाप्तिस्म्याचा अंगरखा
आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला होता.
मार्तिन्यो डोंगरात गेला तो गेला.
त्याचं हाडूकही आलं नाही.

रात्री रामेलाउवरून थंडी उतरली.
शाळेच्या बाकावर रेडिओ, बाकाखाली कुत्री,
आणि मास्तर आबिल्योचं घड्याळ, जे मागे पडतं,
किती, ते त्यालाही माहीत नाही.
रेडिओत माणसं समुद्रासारखी वाजत होती.
मग एक बाई बोलू लागली,
“आता, इथे, दिली—”
आणि जनरेटरमधलं डिझेल संपलं.

कुणी शिवी हासडली. कुणी छातीवर क्रूस काढला.
मला वाटतं, माणूस एकच असावा.

“थांबू या,” आबिल्यो म्हणाला.
“बाराला पाच कमी आहेत. कुणी सांगावं?”
कुणी काही बोललं नाही.
शेवटच्या घटकेला काय काय होऊ शकतं
हे आमच्या गावाला शिकवायची गरज नव्हती.

बोल्ट माझ्या हातात.
खरं सांगतो, हात उठेना.
ज्या दिवशी छप्पर पेटलं
त्या दिवशीही मी घंटा वाजवली होती,
देवा, तुला उठवायला.
तू उठला नाहीस,
किंवा उठलास आणि तुझं काही चाललं नाही.
दोन्हींतलं कुठलं बरं
ते माझं अजून ठरलेलं नाही.

तेवढ्यात ओलांदिना पुढे आली.
“चोवीस वर्षं काही ऐकू न येता धरून बसलो,
आता पाच मिनिटं धरवत नाहीत तुम्हाला?
वाजव.”
आवाजात भक्ती वगैरे नव्हती.
वाटेत बसकण मारलेल्या रेड्याला
दटावतात, तसं.

मारला बोल्ट.
कोरडा आवाज, ठण्ण,
निलगिरीची साल खाली पडली.
पुन्हा मारला. कुत्री उठली.
किती मारले, मोजले नाहीत,
आणि थांबलो तेव्हा
दरीपलीकडच्या वस्तीवर,
जिथे रेडिओच नाही, ढोल वाजू लागला होता.
मग त्याच्याही पलीकडे काहीतरी,
बहुतेक कढई.
त्यांना वाटलं, बातमी आमच्याकडे आहे.
आम्हाला वाटलं, त्यांच्याकडे.
लहान पोरं नाचायला लागली,
कुठल्या क्षणी झेंडा वर गेला, सांगता येणार नाही.
आबिल्यो घड्याळ कानाला लावून रडत होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ट्रक आला.
ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडला, “झालं! काल रात्री झालं!”
कॉफी तोडणाऱ्या बायांनी मान वर केली,
“बरं,” म्हणाल्या, “डिझेल आणलंय का?”
बिचारा हिरमुसला.

देवा, आपला जुना हिशेब मिटलेला नाही.
दरीतून परत आलेला आवाज तेवढा
मी जमेला धरलाय.

रात्रीच्या वाऱ्यानं ताऱ्याचं एक टोक उसवलं होतं.
ओलांदिना तोंडात दोरा धरून
खांबाखाली उभी होती, कधीची,
वर बघत.
मी शिडी धरली.